सगळ्यांचं दूध सव्वा किलो: काट्याच्या लायब्ररीचं स्ट्रक्ट झाकलं त्याची हकीकत

मंगळवार, 4 जुलै 2023. सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हा मी बेळगावात, शहापूरच्या घरी चहा टाकत होते. पलीकडे खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. आम्ही त्यांना मामाच म्हणतो.

"ताई, आज काय झालंय बघा की. कुणीबी येऊ दे, दूध सव्वा किलोच येऊ लागलंय."

आदल्या संध्याकाळी मीच तिथल्या संगणकावर वजनकाटा वाचणाऱ्या माझ्या लायब्ररीची (दुसऱ्यांच्या प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडची) 1.4 ही नवी आवृत्ती बसवून आले होते. त्यामुळे चूक कुणाची हे शोधावं लागलं नाही. चहा तसाच ठेवला आणि पावसात स्कूटर काढली. पोचायला सव्वाआठ झाले. पत्र्याच्या शेडखाली रांग थांबलेली, पोत्यांवर पाणी साचलेलं आणि टेबलावर छापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. 27 चिठ्ठ्या आणि सगळ्यांवर वजन एकच: 1.240.

पहिल्या सहा जणांपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सातव्या नंबरला एक मावशी होत्या. त्यांनी काट्यावरचे लाल आकडे नीट बघितले होते. त्या अजून तिथंच उभ्या होत्या आणि मला बघताच चिठ्ठी पुढं धरली. "काट्यावर चार सहाशे आणि चिठ्ठीत सव्वा किलो? मी काय वारा घालतो व्हय बादलीत?" (आमच्या भागात बायकाही 'घालतो', 'येतो' असंच बोलतात.) त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चिठ्ठीवर त्यांचे पैसे ठरतात, आणि ती चिठ्ठी माझ्या कोडमुळे खोटी निघाली होती. ते वाईट वाटणं पुढचे आठ महिने पुरलं. म्हणूनच ही सगळी हकीकत तारखांसकट लिहून ठेवते आहे. सी भाषेत छोटीशी का होईना, चार जण वापरतात अशी लायब्ररी ज्यांच्याकडे आहे, त्यांना उपयोग होईल.

माझी लायब्ररी लहान आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला सिरीयल केबल जोडायची, काटा पाठवतो ती अक्षरं वाचायची, त्यातून वजन काढायचं आणि ते हलतंय की स्थिर झालंय ते सांगायचं, एवढंच तिचं काम. 2017 पासून ती लिहिते आहे. पडद्यावरचे प्रोग्राम दुसऱ्यांचे असतात. दूध संकलनाचा एकाचा, निपाणीकडच्या गूळ व्यापाऱ्याचा दुसऱ्याचा, काजू कारखान्यातला आणखी तिसऱ्याचा. असे सात जण माझी लायब्ररी वापरत होते, आणि सातही जणांच्या प्रोग्रामांना माझं स्ट्रक्ट, म्हणजे माहितीच्या कप्प्यांचा (फील्डांचा) एकत्र बांधलेला गठ्ठा, आतून-बाहेरून माहीत होतं, कारण मीच ते हेडर फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्यांना देतात त्या वर्णनात, पूर्ण उघडं ठेवलं होतं.

आता 1.240 कुठून आलं ते सांगते.

1.3 मधलं स्ट्रक्ट असं होतं: आधी पोर्टचा नंबर, इंट (पूर्णांक), 4 बाइट. मग बॉडरेट (केबलवरून अक्षरं येण्याचा वेग), 4 बाइट. मग वजन, डबल (दशांश आकडा), 8 बाइट. मग वजन स्थिर आहे का ते सांगणारा इंट, 4 बाइट. शेवटी काट्याकडून आलेल्या अक्षरांसाठी 28 बाइटचं बफर, म्हणजे तात्पुरती साठवण. एकूण 48. वजनाची जागा सुरुवातीपासून 8 बाइट सोडून. 1.4 मध्ये मी रिकाम्या भांड्याचं वजन, म्हणजे टेअर, नवं फील्ड म्हणून घातलं. तेही डबल. दोन्ही वजनं शेजारी-शेजारी दिसली तर वाचायला बरं, म्हणून ते वजनाच्या आधी घातलं. झालं, 8 बाइटवर टेअर आला आणि वजन सरकून 16 वर गेलं.

सी भाषेत फील्डचं नाव कंपाइल होईपर्यंतच, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होईपर्यंतच, असतं. नंतर उरतो तो नुसता आकडा: सुरुवातीपासून 8 बाइट पुढे जा आणि तिथलं वाच. दूध संकलनाचा प्रोग्राम जुन्या हेडरवर कंपाइल झालेला होता. तो इमानदारीत 8 बाइट पुढे गेला आणि तिथे जे होतं ते छापत राहिला. मामांच्या स्टीलच्या पातेल्याचं वजन 1 किलो 240 ग्रॅम आहे.

दुसरं लक्षण नऊ वाजता समोर आलं. मामांनी सकाळची पाळी बंद केली आणि पडद्यावर 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' असं येऊन प्रोग्राम कोसळला. त्या प्रोग्रामने स्ट्रक्टसाठी स्वतःच्या स्टॅकवर (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत) 48 बाइट ठेवले होते. पोर्ट उघडण्याचं माझं नवं फंक्शन आधी सगळं स्ट्रक्ट शून्याने भरतं, आणि त्याच्या हिशोबाने स्ट्रक्ट 56 बाइटचं. जास्तीचे 8 बाइट शेजाऱ्याच्या जागेत सांडले. तिथे कंपायलरने पहाऱ्याला ठेवलेली किंमत होती, ती पुसली गेली. पण ती किंमत फंक्शनमधून परतताना तपासतात, म्हणून सकाळभर काहीच कळलं नाही.

माझी आणखी एक चूक इथे लिहायला हवी. स्ट्रक्ट बदलूनही मी सोनेम बदललं नव्हतं. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीच्या नावामागचा तो आकडा म्हणजे 'जुने प्रोग्राम माझ्याबरोबर चालतील' असा शब्द असतो. आकडा तोच राहिला म्हणून लोडरने (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्या भागाने) जुना प्रोग्राम आणि नवी लायब्ररी बिनबोभाट जोडून दिली. आकडा बदलला असता तर प्रोग्राम एक तर जुन्या लायब्ररीवरच चालला असता, नाही तर सुरूच झाला नसता. दोन्ही परवडलं असतं.

साडेनऊला सिमलिंक (लायब्ररीची कोणती फाइल घ्यायची ते दाखवणारा दुवा) परत 1.3 कडे वळवली. मामांनी सातव्या नंबरपासून काट्यावरचे आकडे पेन्सिलीने वहीत टिपले होते, त्यावरून 21 नोंदी दुरुस्त झाल्या. पहिल्या सहा जणांना विचारून, त्यांच्या मागच्या आठवड्याच्या सरासरीवर नोंद धरली. कुणी भांडलं नाही. मावशी जाताना म्हणाल्या, "उद्या नीट कर म्हणजे झालं."

शनिवारी, 8 जुलैला, घरी बसून पाहोल नावाचं साधन चालवलं. डीबग माहितीसह कंपाइल केलेली फाइल त्याला दिली की स्ट्रक्टमधलं प्रत्येक फील्ड कितव्या बाइटवर आहे आणि मध्ये रिकामी जागा कुठे आहे ते छापून देतं. 1.3 आणि 1.4 चे कागद शेजारी ठेवले आणि पाच मिनिटांत सगळं दिसलं. ते पाच मिनिटांचं काम मी 3 जुलैच्या आधी केलं नव्हतं. दोन आवृत्त्यांची तुलना थेट करून देणारं अबीडिफही आहे. आता दर आवृत्तीच्या आधी दोन्ही चालवते.

सुरुवातीला वाटलं, नवं फील्ड शेवटी टाकलं असतं तर निभावलं असतं. नसतं निभावलं. वजन 8 वरच राहिलं असतं, चिठ्ठी बरोबर आली असती, पण 48 च्या जागेत 56 बाइट लिहिणं तसंच चालू राहिलं असतं. चूक दडून बसली असती आणि भलत्याच दिवशी, भलत्याच ठिकाणी वर आली असती. शेवटी 32 बाइट राखीव ठेवावेत हाही विचार केला. पण राखीव जागा कधीतरी संपते, आणि आतल्या फील्डांना बाहेरून हात लावणं त्याने थांबत नाही.

पुढचे दोन आठवडे रात्री जेवणं झाल्यावर दुसऱ्यांनी काय केलंय ते वाचत बसले. सगळ्यात जवळचं उदाहरण आपण सगळे पहिल्या वर्षापासून वापरतो. फाइल उघडली की एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, मिळतो, तो वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फंक्शनांना द्यायचा आणि शेवटी बंद करायचा. त्या पॉइंटरच्या पलीकडे काय आहे हे सीचं स्टँडर्ड सांगत नाही, आणि आपलं कधी अडलंही नाही. माहिती दाबून लहान करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीने मधली वाट धरली आहे. तिचं वरचं स्ट्रक्ट उघडं आहे, आतली स्थिती झाकलेली आहे, आणि सुरुवातीचं फंक्शन खरं तर मॅक्रो आहे, म्हणजे कंपाइल होण्याआधी त्याच्या जागी दुसरा कोड येतो. तो मॅक्रो वापरणाऱ्याकडची आवृत्ती आणि त्याच्या हिशोबाने स्ट्रक्टचा आकार गुपचूप आत पाठवतो. आकार जुळला नाही तर झेडलिब चूक परत देते आणि पुढे जातच नाही. हे वाचलं त्या रात्री मी किती तरी वेळ तसाच पडदा बघत बसले. एवढी एक तपासणी माझ्याकडे असती तर त्या 27 चिठ्ठ्या छापल्याच गेल्या नसत्या.

पीएनजी चित्रं वाचणाऱ्या लिबपीएनजीने आपलं माहितीचं स्ट्रक्ट वर्षानुवर्षं उघडं ठेवलं, मग 'थेट हात लावू नका' असं सांगत राहिले आणि 2011 साली 1.5 मध्ये ते पूर्ण झाकलं. इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलने 1.1.0 मध्ये, ऑगस्ट 2016 ला, बहुतेक स्ट्रक्ट झाकली. त्यांच्या अनुभवातून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. कुलूपबंद करायच्या किल्ल्या वाचायची नवी फंक्शनं 1.1.0 मध्ये आली, पण जुन्या 1.0.2 मध्ये ती नव्हती, आणि 1.0.2 ला आधार 2019 च्या अखेरपर्यंत चालू होता. म्हणजे ज्यांना दोन्हीवर चालायचं होतं त्यांना ती फंक्शनं आपल्याच कोडमध्ये लिहून घ्यावी लागली. तेव्हाच ठरवलं: आधी दारं बसवायची, लोकांना दारातून यायची सवय होऊ द्यायची, मग भिंत बांधायची.

20 जुलैला सातही जणांना कळवलं: तुमच्या कोडमध्ये माझ्या स्ट्रक्टच्या फील्डला जिथे जिथे थेट हात लागतो त्या ओळी पाठवा. पूर्ण कोड नको, तेवढ्या ओळीच. तिघांचं उत्तर आठवड्यात आलं. शेवटचं 29 ऑगस्टला. मध्ये दोनदा फोन केले, एकदा निपाणीला बसने जाऊन आले. घाई करू नका असंच सांगेन. तुमच्या लायब्ररीचा त्यांना जाच झाला आहे, त्यामुळे वाट बघायची पाळी तुमची.

एकूण 23 ठिकाणं निघाली. 14 ठिकाणी वजन वाचलं होतं आणि 5 ठिकाणी 'स्थिर' बघितलं होतं. हे अपेक्षितच होतं. 3 ठिकाणी पोर्ट उघडून झाल्यावर बॉडरेटच्या फील्डमध्ये नवा आकडा लिहिला होता. त्याने काहीच होत नव्हतं, पोर्ट आधीच जुन्या वेगाने उघडलेला असायचा. पण फील्ड समोर दिसत होतं, लिहिता येत होतं, म्हणून त्यांनी लिहिलं. चूक त्यांची म्हणता येणार नाही. आणि 1 ठिकाणी एकाने माझ्या बफरमध्ये हात घालून अकरावं अक्षर वाचलं होतं, कारण त्याचा काटा बॅटरी उतरल्याची खूण तिथे पाठवतो आणि ती सांगणारं फंक्शन मी दिलंच नव्हतं.

ही 23 ओळींची वही हेच या सगळ्या कामातलं खरं शिक्षण. प्रत्येक ओळीमागे एक तर मी न दिलेलं फंक्शन होतं, नाही तर मी न सांगितलेली अट होती. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालीच लिहून ठेवलंय की प्रोग्रामचे भाग, म्हणजे मॉड्यूल, पाडताना जो निर्णय पुढे बदलण्यासारखा आहे तो एका मॉड्यूलच्या आत ठेवावा. कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बफर 28 बाइटचं असणं, अकरावं अक्षर बॅटरीचं असणं हे माझे बदलण्यासारखे निर्णय होते आणि मी ते हेडरमध्ये टांगून ठेवले होते. लोकांनी ते कायमचे धरले.

शनिवारी, 16 सप्टेंबरला, गणपतीच्या तीन दिवस आधी 1.5 दिली. स्ट्रक्ट अगदी 1.3 सारखंच, 48 बाइट, उघडंच. फक्त नवी फंक्शनं: वजन द्या, स्थिर आहे का, बॅटरी कशी आहे, वेग बदला. वेग बदलण्याचं फंक्शन आता खरंच पोर्टचा वेग बदलतं. जुन्या फील्डांवर 'डेप्रिकेटेड' अशी खूण लावली, म्हणजे थेट हात लावला की कंपायलर इशारा देतो पण अडवत नाही. गणपतीत कुणी कोड उघडला नाही, उघडणारही नव्हते. मीही नाही.

एक अडचण मात्र मी धरलीच नव्हती. उद्यमबागेत एक छोटा कारखाना काट्याचे इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारे डबे) बनवतो आणि तिथले काका माझी लायब्ररी एका बारीक मायक्रोकंट्रोलरवर वापरतात. त्यांचा फोन आला. "तू स्ट्रक्ट झाकलंस तर जागा मागायची कुणाकडं? माझ्याकडं मॅलॉक नाही." प्रश्न रास्त होता. मॅलॉक म्हणजे प्रोग्राम चालू असताना मेमरी मागून घेणारं फंक्शन. स्ट्रक्टचा आकार कंपायलरला माहीत नसेल तर वापरणारा ते स्वतःच्या स्टॅकवर किंवा ग्लोबल म्हणून ठेवूच शकत नाही, लायब्ररीनेच जागा करून द्यावी लागते. झाकण्याची ही खरी किंमत आहे. दोन संध्याकाळी त्यांच्या शॉपमध्ये बसून तोड काढली. त्यांच्या बिल्डमध्ये लायब्ररीच्या आतच चार काट्यांची जागा स्टॅटिक ठेवलेली असते. 'नवीन' फंक्शन त्यातली एक देतं, 'मुक्त' फंक्शन ती परत घेतं, पाचवा मागितला तर नल, म्हणजे रिकामा पत्ता, मिळतो. बाहेरून फंक्शनं तीच. संगणकावर आत मॅलॉक चालतो, त्यांच्याकडे ही चार घरं. मला या उत्तराचा आनंद वाटला, कारण तेव्हा पहिल्यांदा झाकण्याने मला मोकळीक मिळाली. जागा कुठून येते हेही आता बाहेर कुणाला माहीत असायची गरज उरली नाही.

त्यांनी वेगाबद्दलही विचारलं होतं, प्रत्येक वेळी फंक्शन बोलवायचं म्हणजे उशीर होणार का. आपले काटे 9600 बॉडवर बोलतात. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून 10 बिट, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं. 16 अक्षरांचं एक वाचन यायलाच जवळजवळ 17 मिलिसेकंद लागतात. त्यापुढे एका फंक्शन कॉलचा वेळ धरायचं कारण नाही. जिथे लाखो पिक्सेल एकेक करून वाचायचे असतात तिथे हा हिशोब वेगळा येईल.

सगळंच झाकायचं नाही हेही याच सुमारास ठरलं. काट्याचं स्ट्रक्ट झाकलं, पण 'वाचन' म्हणून एक छोटं स्ट्रक्ट मुद्दाम उघडं ठेवलं: वजन, वेळ, स्थिर आहे का. तो नुसता माल आहे, त्याच्या आत काही यंत्रणा नाही. लोक त्याची कॉपी करतात, फाइलमध्ये लिहितात, याद्या करतात. अशा गोष्टीसाठी चार-चार फंक्शनं लावणं म्हणजे वापरणाऱ्याला छळणं. पण उघडं ठेवायचं तर ते कायमचं, हे धरूनच ते लिहिलं. वजन डबलऐवजी ग्रॅममध्ये, 32 बिटचा पूर्णांक. वेळ 64 बिटचा पूर्णांक, कारण संस्थांमध्ये जुने 32 बिटचे रास्पबेरी पायही आहेत. तिथे टाइम-टी (वेळ ठेवायचा सीचा प्रकार) 4 बाइटचा, माझ्या लॅपटॉपवर 8 चा, आणि 4 बाइटचा हिशोब 2038 मध्ये संपतो.

2.0 ची चाचणी आवृत्ती 5 ऑक्टोबरला तयार झाली. हेडरमध्ये आता एवढंच: 'काटा नावाचं एक स्ट्रक्ट आहे'. आत काय, ते फक्त माझ्या सी फाइलमध्ये. कुणी जुन्या सवयीने फील्डला हात लावला तर कंपायलर 'इनकम्प्लीट टाइप' म्हणून तिथेच थांबतो. सोनेम या वेळी न विसरता 1 चं 2 केलं, त्यामुळे जुनी आणि नवी लायब्ररी एकाच संगणकावर शेजारी-शेजारी राहू शकते. जी फंक्शनं बाहेर द्यायची नाहीत ती कंपायलरच्या व्हिजिबिलिटीच्या पर्यायाने लपवली, नाही तर तीही कुणीतरी शोधून वापरतं. आणि काट्याची सगळी अवस्था छापून देणारं एक फंक्शन दिलं. स्ट्रक्ट झाकलं की डीबगरमध्ये वापरणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, तेव्हा तपासायला काहीतरी हातात द्यायला हवं.

इथून पुढे कागद.

संस्था ज्या संघाला दूध घालतात त्याच्या कार्यालयाचा नियम असा की संस्थेच्या संगणकावरचं वजनाशी संबंधित सॉफ्टवेअर बदलायचं तर लेखी परवानगी हवी. जुलैनंतर तो नियम पाळायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि मला ते पटतही होतं. सोमवारी, 9 ऑक्टोबरला, इंग्रजीत अर्ज घेऊन गेले. कारकुनाने बघून परत दिला: कन्नडमध्ये हवा, तीन प्रती, सोबत ज्या दोन संस्थांत चाचणी करायची त्यांचे ठराव, काट्यांच्या वजनमाप खात्याच्या पडताळणी प्रमाणपत्रांची झेरॉक्स आणि 100 रुपयांच्या स्टँपवर हमीपत्र. मला कन्नड बोलता-वाचता येतं, पण कार्यालयीन अर्ज लिहिणं वेगळं. शेजारच्या निवृत्त टीचरनी अर्ध्या तासात सुरेख अर्ज लिहून दिला. गुरुवारी, 12 ऑक्टोबरला, तो जमा झाला. आवक क्रमांक लगेच वहीत लिहून घ्या. त्याच्याशिवाय पुढच्या खेपेला कुणी फाइल शोधत नाही.

मग दसरा, मग 1 नोव्हेंबरची सुट्टी, मग दिवाळी. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला विभागाच्या साहेबांनी अर्जातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. टीचरनी 'आतली रचना लपवली आहे' असं लिहिलं होतं. "लपवता कशाला? शेतकऱ्याच्या वजनात लपवण्यासारखं काय आहे?"

क्षणभर मी गोंधळले, पण प्रश्न महत्त्वाचाच होता. त्यांच्या टेबलाशेजारी चाचणीचा एक काटा होता, त्याला तार ओवून शिशाचा शिक्का मारलेला. मी तो दाखवला. म्हटलं, साहेब, या काट्याच्या आत काय आहे ते गुपित नाही, कंपनीकडे नकाशा आहे, तपासणाऱ्याला उघडून बघता येतं. पण दूध घालणारा आणि मोजणारा दोघंही वरच्या बटणांनी आणि आकड्यांनीच काम करतात, आत हात घालत नाहीत, म्हणूनच वजनावर विश्वास बसतो. माझंही तसंच. सोर्स कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. दुसऱ्या प्रोग्रामने आत हात घालू नये एवढीच सोय केली आहे. त्यांनी ते एका पानावर लिहून मागितलं. टीचरनी 'लपवली' काढून 'शिक्काबंद' लिहिलं. मंगळवारी, 28 नोव्हेंबरला, दोन संस्थांत 30 दिवस चाचणीची परवानगी मिळाली.

1 डिसेंबरपासून चाचणी सुरू झाली. अट अशी की चिठ्ठी आणि काट्यावरचा आकडा दोन्ही रोज वहीत लिहायचे. पहिला आठवडा मी सकाळी सहाला तिथे हजर. चौथ्या दिवशी दुसऱ्या संस्थेत प्रोग्राम पहिल्याच वाचनाला कोसळला. तो प्रोग्राम एका विद्यार्थ्याने पायथन भाषेत लिहिलेला, सीटाइप्स (पायथनमधून सीची फंक्शनं बोलवायची सोय) वापरून. जुन्या पद्धतीत त्याला माझं सगळं स्ट्रक्ट पायथनमध्ये हाताने उतरवावं लागायचं, आता नुसता पॉइंटर धरला की पुरे. पण सीटाइप्सला फंक्शन काय परत देतं ते सांगितलं नाही तर ते इंट धरतं. 64 बिटचा पत्ता 32 बिटांत कापला गेला होता. त्याच्या चाचणीच्या संगणकावर पत्ते योगायोगाने लहान होते, म्हणून तिथे चाललं होतं. 'नवीन' फंक्शनचा रेसटाइप (ते काय परत देतं) व्हॉइड पॉइंटर, म्हणजे पूर्ण पत्ता, म्हणून एक ओळ घातली आणि बाकीच्या फंक्शनांच्या आर्गटाइप्सही (त्यांना काय द्यायचं) लिहिल्या. पोरगं घाबरलं होतं. त्याला सांगितलं, ही ओळ माझ्या माहितीपत्रकात असायला हवी होती. त्याच दुपारी ती पहिल्या पानावर टाकली.

30 डिसेंबरला चाचणी संपली, दोन्ही वह्या मिळून एकही फरक नाही. अहवाल 2 जानेवारीला दिला. अंतिम पत्र मंगळवारी, 23 जानेवारी 2024 ला मिळालं. उरलेल्या नऊ संस्थांत 10 फेब्रुवारीपर्यंत 2.0 बसली. खर्चही लिहिते, कारण सुरुवातीला मला तो अजिबात अंदाजता आला नव्हता: यूएसबी ते सिरीयल कन्व्हर्टर 3, प्रत्येकी 480, म्हणजे 1,440. घरी चाचणीला जुना इंडिकेटर 2,800. स्टँप आणि नोटरी 300. झेरॉक्स, टायपिंग 180. बस आणि पेट्रोल 1,120. एकूण 5,840 रुपये. कन्व्हर्टर स्वस्तातले घेऊ नका, माझा पहिला दोन दिवसांत गेला.

टेअर मात्र अजून राहिलाच होता. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं ते भांड्याचं वजन 2.0 मध्ये मी मुद्दाम घातलं नव्हतं. एका वेळी एकच बदल. या वेळी कुणीही आपला प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणार नव्हतं, आणि तेच बघायचं होतं. 2.1 मध्ये टेअर घातला, पुन्हा वजनाच्या आधी, त्याच जागी. पाहोल चालवलं: वजन 8 वरून 16 वर, स्ट्रक्ट 56 बाइट. अबीडिफ चालवलं: बाहेर दिसणाऱ्या कशातही मोडतोड नाही, एक फंक्शन नवं. संघाला आवृत्ती कळवणारं पत्र दिलं, पोच घेतली, आणि सोमवारी, 18 मार्चला, संध्याकाळची पाळी संपल्यावर मामांच्या संगणकावर फक्त लायब्ररीची फाइल बदलली.

रात्री झोप लागली नाही. मंगळवारी सकाळी सहाच्या आधी शेडमध्ये जाऊन बसले. मामांनी पातेलं ठेवलं, टेअरचं बटण दाबलं, पहिल्या माणसाने दूध ओतलं. काट्यावर 3.860. प्रिंटर घरघरला. मी चिठ्ठी फाडून बघितली: 3.860. मग 6.120. मग 2.400. सातव्या नंबरला मावशी आल्या. त्यांनी आधी काट्याकडे बघितलं, मग चिठ्ठी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"बरोबर हाय," म्हणाल्या आणि रिकामी बादली उचलली.